अडेलतट्टूचे शिक्षण : वेल्श पोनीचा स्वभाव समजून घेताना

हट्टाला पेटलेल्या, काही केल्या जागचे न हलणाऱ्या माणसाला मराठीत अडेलतट्टू म्हणतात. लहान चणीच्या घोड्याविषयी आपल्या पूर्वजांनी जे मत बनवले होते, ते या एका शब्दात आजपर्यंत टिकून आहे. ब्रिटनमध्ये पोनी पाळणाऱ्यांना हा शब्द ठाऊक नसला, तरी त्यातला भाव त्यांना चांगलाच ठाऊक आहे. वेल्सच्या डोंगराळ भागातून आलेल्या वेल्श पोनीविषयी तेथे दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. लहान मुलाच्या हाती निर्धास्तपणे सोपवावा इतका तो गुणी असतो, आणि घोडेस्वारी शिकवणाऱ्याला जेरीस आणावे इतका तो डांबरटही असतो. पुष्कळदा ही दोन्ही वर्णने एकाच पोनीची असतात. सोमवारी एका मुलीला पाठीवर घेऊन शहाण्यासारखा फिरणारा पोनी मंगळवारी दुसऱ्या मुलाला घेऊन थेट तबेल्याकडे वळतो, आणि पाहणारे त्याच्या ‘स्वभावा’ला बोल लावतात. माझ्या मते यातला स्वभावाचा भाग थोडा आणि शिक्षणाचा भाग बराच आहे. वेल्श पोनी लवकर शिकतो, एवढेच नव्हे तर आपण शिकवत नसतानाही शिकतो. त्याची सगळी गुणवत्ता आणि त्याच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी यातूनच उपजतात.

आधी हा प्राणी नेमका कोणता, ते पाहू. ‘वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी’ ही संस्था १९०१ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने पैदाशीची पहिली नोंदवही प्रसिद्ध केली. आज या नोंदवहीत चार विभाग आहेत. ‘ए’ विभागात वेल्श पहाडी पोनी येतो. त्याची उंची १२ हँडपेक्षा अधिक चालत नाही. हँड हे घोड्याच्या उंचीचे माप असून एक हँड म्हणजे चार इंच, तेव्हा १२ हँड म्हणजे बरोबर चार फूट; ही उंची जमिनीपासून खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत मोजतात. ‘बी’ विभागात स्वारीसाठी विकसित केलेला, लांब पायांचा पोनी आणि ‘सी’ विभागात गुटगुटीत, कॉब (म्हणजे आखूड पायांचा, दणकट घोडा) बांध्याचा पोनी येतो. या दोघांची कमाल उंची १३.२ हँड. या आकड्यातला टिंब दशांशचिन्ह नव्हे, हे लक्षात ठेवावे : १३ हँड आणि वर दोन इंच, म्हणजे साडेचार फूट. त्याहून उंच तो ‘डी’ विभागातला वेल्श कॉब, ज्याला उंचीची वरची मर्यादाच नाही. या लेखात मुख्यतः पहिल्या तीन विभागांचा विचार केला आहे, पण रक्त एकच असल्याने कॉबची आठवण अधूनमधून येईलच.

या सगळ्यांच्या मुळाशी आहे तो पहाडी पोनी. वेल्सच्या उघड्या डोंगरमाथ्यांवर, जेथे वारा, पाऊस आणि खुरटे गवत यांखेरीज फारसे काही नाही, तेथे या पोनीचे कळप शतकानुशतके जवळजवळ रानटी अवस्थेत राहिले. सोळाव्या शतकात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला लढाईसाठी मोठे घोडे हवे होते, म्हणून त्याने ठेंगण्या घोड्यांची पैदास थांबवणारे कायदे केले. १५४० च्या कायद्याने अनेक परगण्यांत १५ हँडपेक्षा कमी उंचीचे नर सामायिक कुरणांवर सोडण्यास बंदी घातली. डोंगरांतल्या आडवाटांपर्यंत हे कायदे कितपत पोहोचले असतील, याचे उत्तर पोनी आजही तेथे आहेत यातच मिळते. वायव्य वेल्समधील कार्नेदाय पर्वतरांगेवर असे अर्धरानटी कळप अजूनही चरतात, आणि वर्षातून एकदा, थंडीच्या तोंडाला, त्यांचे मालक त्यांना हाकत खाली आणून मोजदाद व तपासणी करतात. उरलेले वर्षभर कुठे चरायचे, वादळात कोणत्या कड्याचा आडोसा घ्यायचा, कोणती जमीन दलदलीची आहे, हे त्यांचे त्यांनाच ठरवावे लागते.

अशा ठिकाणी कोणता पोनी जगतो? पाय कुठे ठेवावा हे न शिकलेला पोनी चिखलात रुततो, आणि उगाच दौडत सुटून अंगातली चरबी जाळणारा पोनी मार्च उजाडेपर्यंत टिकत नाही. टिकतो तो सावध, चौकस, थोड्या अन्नावर गुजराण करणारा, एकदा आलेला अनुभव पक्का लक्षात ठेवणारा आणि विनाकारण शक्ती न दवडणारा पोनी. ही यादी पुन्हा वाचली तर तिच्यात ‘हट्टी’, ‘खादाड’ आणि ‘आळशी’ हे तिन्ही शब्द वेगळ्या वेशात उभे असल्याचे दिसेल. डोंगरावर ज्या गुणांनी जीव वाचवला, त्याच गुणांना कुंपणाच्या आत आल्यावर आपण खोडी म्हणतो.

आता एक नेहमीचा प्रसंग जवळून पाहू. आठ वर्षांची मुलगी पोनीवर बसली आहे. पोनी चालता चालता एकदम मान खाली घालतो आणि गवताला तोंड लावतो. लगाम मुलीच्या हातांतून ओढला जातो, तीही पुढे कलंडते. ती लगाम मागे खेचते. पण दोनशे किलोच्या जनावराची मान पंचवीस किलोच्या मुलीला कशी उचलणार? पाचसहा सेकंद ओढाताण होते, मुलीचे हात दुखतात, ती लगाम सैल सोडते. पोनी तोंड भरून गवत खातो आणि स्वतःहून मान वर करतो. आपल्याला वाटते की काही घडलेच नाही. पोनीच्या बाजूने पाहिले तर एक संपूर्ण धडा पार पडला आहे : मान खाली घातली, तोंडातल्या कडियाळ्याचा दाब थोडा वेळ सोसला, की दाब जातो आणि वर गवत मिळते. एकाच कृतीला दोन बक्षिसे मिळाली. असा धडा चार दिवसांत वीस वेळा झाला, तर पाचव्या दिवशी पोनी गवत दिसण्यापूर्वीच मान खाली घालील.

घोड्याला शिकवण्याची पारंपरिक पद्धत, मग ती वेल्समधली असो की आपल्याकडच्या जुन्या चाबुकस्वारांची, याच तत्त्वावर उभी आहे. लगामाचा ताण, पोटऱ्यांचा दाब, बागडोरीची ओढ हे सगळे घोड्याला किंचित नकोसे वाटणारे दाब असतात. घोडा ते घालवण्यासाठी काहीतरी करून पाहतो, आणि त्याने जे केले असता दाब जातो, ते तो पुढच्या वेळी लवकर करतो. म्हणजे घोड्याला दाब शिकवत नाही, दाबाचे सुटणे शिकवते. पोटरीने दाबले, पोनी एक पाऊल पुढे सरकला, की त्याच क्षणी पोटरी सैल पडली पाहिजे. दोनतीन सेकंदांचा उशीर झाला, तर तोपर्यंत पोनीने कान हलवलेला असतो, मान वळवलेली असते किंवा तो पुन्हा थांबलेलाही असतो, आणि मग सुटका त्या नंतरच्या कृतीच्या नावावर जमा होते. संथ स्वभावाचा मोठा घोडा असे काही चुकीचे हिशेब दुर्लक्षून पुढे जातो. वेल्श पोनी सहसा जात नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे कधीच न सुटणारा दाब. माथेरानला घोड्यावर बसलेल्या बहुतेकांनी एकदा तरी टाच मारून पाहिलेली असते, आणि घोडा ढिम्म हलला नाही हेही अनुभवलेले असते; तोच घोडा घोडेवाल्याच्या तोंडून निघालेल्या एका आवाजावर मात्र चालू लागतो. दिवसभर पाठीवर बसणाऱ्या अनोळखी माणसांच्या टाचांना काही अर्थ नसतो, हे तो शिकलेला असतो. ब्रिटनमधल्या रायडिंग स्कूलमधल्या पोनींचेही हेच होते. नवशिके मूल प्रत्येक पावलाला टाचा मारत राहते, पोनी चालला तरी मारते, थांबला तरी मारते. काही आठवड्यांत पोनीच्या लेखी त्या टाचा पोटावर आदळणाऱ्या पावसाच्या थेंबांसारख्या होतात. त्यानंतर त्याला ‘निबर कातडीचा’ म्हटले जाते. खरे तर त्याच कातडीवर माशी बसली तरी तेवढीच जागा थरथरते, हे खरारा करताना कोणीही पाहू शकतो.

इतक्या बारीक संवेदनेचा प्राणी माणसाच्या अंगाची भाषाही वाचतो. बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट या बाबतीत अजूनही सर्वांत बोलकी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे खूर आपटून देतो अशी ख्याती पसरली होती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने तपासणी करून दाखवले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्सलाही ते येत नाही. योग्य आकडा येताच विचारणाऱ्याच्या डोक्याची जी अगदी सूक्ष्म, त्याची त्यालाही न कळणारी हालचाल होई, तीवर हान्स थांबत असे. हान्सला गणित येत नव्हते हे खरे. पण त्याला जे येत होते ते गणिताहून कमी थोर नव्हते. हान्स पोनी नव्हता, तरी मंगळवारच्या मुलाचे कोडे त्याच्यामुळे सुटते. सोमवारची मुलगी जेथे वळायचे तिकडे पाहते, श्वास सोडून बसते. मंगळवारचा मुलगा घाबरून गुडघे आवळतो आणि तबेल्याच्या दाराकडे डोळे लावून बसतो. पोनी दोघांचेही ऐकतो.

भीतीचा विषय आला की वेल्श पोनीविषयी आणखी एक गैरसमज पुढे येतो. तो चपळ आणि सावध असल्यामुळे त्याला बुजरा समजतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. मात्र नाकाच्या थेट पुढचा आणि शेपटीच्या मागचा पट्टा त्याच्या नजरेतून सुटतो. कुंपणावर फडफडणारी प्लास्टिकची पिशवी त्याला आपल्याआधी दिसते, आणि ती काय आहे हे कळण्याआधी दूर होणे हा शिकार होणाऱ्या प्राण्याचा धर्मच आहे. पण पहाडी पोनीत या बुजण्याच्या जोडीला चौकसपणाही भरपूर असतो. त्याला मागे सरकायला जागा आणि पाहायला वेळ दिला, तर बरेच पोनी वळतात, कान टवकारतात, मान लांब करतात आणि पिशवी हुंगायला स्वतः पुढे येतात. तेथेच त्याला बळजबरीने पिशवीजवळ ओढले, तर पिशवी आणि ओढणारा माणूस या दोन्ही गोष्टी भीतीच्या खात्यात एकत्र पडतात. एखाद्या वस्तूला हळूहळू सरावणे आणि तिच्यापुढे गलितगात्र होऊन गप्प उभे राहणे, या दोन अवस्था बाहेरून सारख्या दिसू शकतात, आणि त्यांत गल्लत करणे ही शिकवणाऱ्याची गंभीर चूक ठरते. नाकपुड्या ताणलेल्या, ओठ घट्ट मिटलेले आणि शरीर दगडासारखे ताठ असेल, तर तो पोनी शांत नाही.

चार विभागांच्या स्वभावांत फरक असतो का, असे नेहमी विचारले जाते. ढोबळमानाने असतो. ‘बी’ विभाग घडवताना पहाडी पोनीच्या रक्तात अरबी, थरोब्रेड आणि बार्ब या जातींचे रक्त मिसळले गेले. या विभागाचा पाया मानला जाणारा १९२४ मधला टॅन-ई-बुल्ख बर्विन हा घोडा एका बार्ब घोड्याचा मुलगा होता. त्यामुळे ‘बी’ विभागातले पोनी चालीला लांब, संवेदनेला अधिक तीक्ष्ण आणि चढ्या आवाजाला लवकर बिथरणारे आढळतात. ‘सी’ विभागातला कॉब बांध्याचा पोनी जमिनीशी जास्त घट्ट वाटतो आणि गाडीलाही चांगला चालतो. मोठ्या कॉबचा रुबाब पाहायचा तर जुलैमध्ये लानेल्वेद येथे भरणाऱ्या ‘रॉयल वेल्श शो’मध्ये पाहावा : गुडघे उचलून दुडक्या चालीने धावणारा कॉब, त्याच्या शेजारी जिवाच्या आकांताने पळणारा त्याचा माणूस आणि आरोळ्या देणारी गर्दी. तेवढ्या कल्लोळात तापणारा तो घोडा दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या अंगणात पोरांकडून खरारा करून घेत असतो. हे सारे झाले तरी एकाच विभागातल्या दोन पोनींत जितका फरक पडतो, तितका दोन विभागांच्या सरासरीत पडत नाही. म्हणून नोंदवहीतले अक्षर पाहून पोनी निवडणे हे राशी पाहून सून निवडण्यासारखेच आहे.

पोनीला शिकवावे तरी कोणी, ही अडचण फारशी बोलली जात नाही. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांपेक्षा अधिक भार टाकू नये, असा साधारण संकेत आहे. दोनशे किलोच्या पहाडी पोनीच्या बाबतीत खोगिरासकट हा भार चाळीस किलो होतो. अनुभवी चाबुकस्वार एवढा हलका कुठून असणार? म्हणून मोठ्या घोड्याला जे बसून शिकवतात, त्यातले बरेचसे पहाडी पोनीला जमिनीवरून शिकवावे लागते. त्यासाठी सर्वांत उपयोगी पद्धत म्हणजे लांब लगाम. तोंडापासून निघालेल्या दोन लांब दोऱ्या पोनीच्या दोन्ही अंगांनी मागे आणतात आणि शिकवणारा लाथेच्या टप्प्याबाहेर राहून मागून चालतो. चाल, थांब, वळ, एक पाऊल मागे, डबक्यातून जा, फाटकापाशी उभा राहा, हे सगळे त्याला पाठीवर कोणी नसताना कळते. गाडीला जुंपण्याचे शिक्षण याच वाटेने पुढे जाते. पाठीवर बसणे साधारण तीन-चार वर्षांचा झाल्यावर सुरू करतात. पाठीच्या कण्याची हाडे पूर्ण पक्की व्हायला पाच-सहा वर्षे लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी काम हलके ठेवणेच शहाणपणाचे.

धडे लहान असावेत, यावर सर्व जाणत्यांचे एकमत आहे. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोनींचे तीन गट करून त्यांना एकच गोष्ट शिकवली गेली. ज्यांना आठवड्यातून एकदाच शिकवले, त्यांना ती रोज शिकवल्या जाणाऱ्यांपेक्षा कमी बैठकांत आली. दिवसांच्या हिशेबाने त्यांना अर्थातच अधिक काळ लागला. पण नीट जमलेल्या एका वळणानंतर ‘अजून दहादा करू’ म्हणणाऱ्या उत्साही पालकांनी हा निष्कर्ष मनावर घ्यायला हरकत नाही. वेल्श पोनीला सहाव्या फेरीनंतर कंटाळा येतो आणि कंटाळलेला पोनी स्वतःचे उद्योग शोधतो. गाठ दातांनी सोडणे आणि कडी उघडणे या कला त्याला कोणी शिकवलेल्या नसतात.

ज्याला वाईट स्वभाव म्हणतात, त्यात दुखण्याचा आणि खाण्याचा वाटा किती, हे शिकवण्याआधी तपासले पाहिजे. खुरट्या गवतावर जगण्यासाठी घडलेल्या या शरीराला सखल भागातले हिरवेगार कुरण आणि धान्याची चंदी म्हणजे रोजची मेजवानी होते. पोनी लठ्ठ होतो, आणि त्याला खुरांच्या आतल्या पडद्यांना सूज येण्याचा, लॅमिनायटिस नावाचा अतिशय वेदनादायक विकार होण्याचा धोका वाढतो. सुरुवातीला हा विकार एवढाच दिसतो की पोनी कडक जमिनीवर चालायला कुरकुरतो, वळायला नकार देतो, मऊ गवताच्या कडेने जायला पाहतो. अडेलतट्टूची लक्षणे यापेक्षा वेगळी काय असतात? दुसरे उदाहरण खोगिराचे. पहाडी पोनीचे पोट पिंपासारखे गोल आणि खांद्याचा उंचवटा बुटका असल्याने खोगीर पुढे सरकून खांद्यांवर चढते. उतारावर तो लाथा झाडतो किंवा मान खाली घालून मुलाला पुढून उतरवतो. अशा पोनीला चाबकापेक्षा मापाचे खोगीर आणि शेपटीखालून घेतलेली, खोगीर पुढे सरकू न देणारी दुमची यांची गरज असते.

कोळशाच्या खाणींतल्या पोनींची एक आठवण येथे सांगण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवण्यास बंदी झाली आणि त्यानंतर पोनींचा वापर वाढत गेला. १९१३ च्या सुमारास देशभर सुमारे सत्तर हजार घोडे आणि पोनी जमिनीखाली राबत होते, आणि त्यांत वेल्श पहाडी पोनीही होते. खाणकामगारांच्या आठवणींत असे येते की ओढायला नेहमीपेक्षा कोळशाचा एक डबा जास्त जोडला, तर पोनी जागचा हलत नसे. साखळ्यांच्या जोडणीचे खटके तो ऐकत असे, आणि रोजच्यापेक्षा एक खटका अधिक झाला की पाय रोवून उभा राहत असे. मालकाच्या वहीत तो अडेल होता. त्याच्यासोबत राबणाऱ्या पोरांना मात्र त्याचे म्हणणे बरोबर कळत होते.

आता त्या गवत खाणाऱ्या पोनीकडे परत येऊ, कारण चुकीचा धडा पुसता येतो का, हा प्रश्न राहिलाच आहे. पूर्ण पुसता येत नाही. त्यावर नवा धडा लिहिता येतो. मुलीला ताकदीने ओढायला सांगण्यात अर्थ नाही. तिने मान खाली जाण्याआधीची खूण ओळखायला शिकायचे असते : चाल किंचित मंदावते, एक कान गवताकडे वळतो. त्याच क्षणी पोटऱ्यांनी पुढे चालण्याची खूण करायची, आणि पोनी पुढे निघाला की लगेच सैल पडायचे. मान खाली असताना पुढे चालणे पोनीला अवघड जाते, म्हणून ताकदीचा प्रश्नच उरत नाही. सुरुवातीचे काही दिवस परिस्थिती बिघडल्यासारखी वाटते, कारण आजवर हमखास मिळणारे फळ मिळेनासे झाले की पोनी तीच युक्ती अधिक जोर लावून करून पाहतो. बहुतेक घरांत नेमका येथेच धीर सुटतो, कोणीतरी म्हणते ‘जाऊ दे, खाऊ दे बिचाऱ्याला’, आणि पोनी शिकतो की पूर्वीपेक्षा जास्त जोर लावला तर अजूनही जमते. कधी मिळणारे आणि कधी न मिळणारे बक्षीस सवयीला सर्वांत चिवट करते. त्याऐवजी चरण्याची वेळ ठरवून, खाली उतरून, कडियाळे काढून त्याला मनसोक्त चरू द्यावे. दोन्ही गोष्टींच्या खुणा वेगळ्या असल्या की पोनी त्यांत गोंधळ करत नाही.

वेल्श पोनी पंचवीस-तीस वर्षे सहज जगतो, आणि मुले मात्र चारपाच वर्षांत त्याच्यापेक्षा मोठी होतात. त्यामुळे चांगला पोनी एका घरातून दुसऱ्या घरात, थोरलीकडून धाकट्याकडे, शेजाऱ्यांकडून भाच्याकडे असा फिरत राहतो. नवे मूल पाठीवर बसले की पहिल्याच फेरीत, गवताच्या पहिल्याच पट्ट्यापाशी, त्याची चाल किंचित मंदावते आणि एक कान गवताकडे वळतो.